काडीबाईचा दम

वाद्यवृंदातल्या लोकांनी तिला काडीबाई हे नाव ठेवलं. त्याचे दोन अर्थ होते आणि दोन्ही तिला लागू पडत होते. एक तर ती हातात काडी धरून रंगमंचभर माणसांना वाजवायला लावायची. आणि दुसरं म्हणजे ती काड्या करायची. सगळं सुरळीत चाललंय, सगळे माना डोलावताहेत, अशा वेळी ही बाई हमखास म्हणणार, "थांबा. हे असंच का?" नाव ठेवणाऱ्यांना वाटलं होतं, कानावर गेलं की बाई चिडेल. बाईने दुसऱ्याच दिवशी ते नाव काडीच्या मुठीवर कोरून आणलं. कोरलं नवऱ्याने. तो वाद्यं दुरुस्त करायचा, त्यामुळे हत्यारं घरचीच होती.

आता ही काडी तिच्या हातात आली कुठून? तर दोरातून.

तिचा बाप नदीकाठी नावा ओढायचा. दुरुस्तीला आलेली अवजड नाव दोर लावून पाण्यातून काढायची आणि चरबी फासलेल्या ओंडक्यांवरून उतारावर चढवायची. सगळं माणसांच्या अंगातल्या जोरावर. बाप सगळ्यांच्या पुढे, तोंड मागे करून उभा राहायचा आणि हाक द्यायचा. हाक म्हणजे गाणंच होतं.

ये गं नावे, ये गं घरी,
पाण्याचं ओझं पाण्यावरी!

"घरी" म्हटलं की एक हिसका, "वरी" म्हटलं की दुसरा. मग बाप ओरडायचा, "दम!" नावेखाली पाचर सरकायची आणि सगळे श्वास घ्यायचे. पुढची ओळ कधी सुरू होईल ते मात्र कोणी सांगू शकायचं नाही. कधी पटकन व्हायची, कधी इतका वेळ जायचा की डांबराच्या पिंपावर बसलेली ती पाय हलवून हलवून कंटाळायची.

एकदा तिने विचारलंच, "बाबा, तुम्ही इतका वेळ कशाची वाट बघता?"

"आत्याची."

आत्या म्हणजे बापाची बहीण. छातीने कच्ची, एका पायाने लंगडी, पण कामाला सगळ्यांच्या आधी हजर. ती दोराच्या शेपटाला उभी असायची. बाप दम म्हणाला की त्याचे डोळे बाकी सगळ्यांना ओलांडून थेट तिच्यावर जायचे. तिचे खांदे खाली आले, तोंड मिटलं, की पुढची ओळ.

"पण बाकीच्यांचा दम तर केव्हाच झालेला असतो!"

"असू दे. पाचर काढली आणि शेपूट ढिलं असलं, तर नाव मागे येते. कोणाच्या अंगावर येते ते मग विचारत नाही."

बापाच्या आधी जो हाक द्यायचा, तो आकडे मोजून द्यायचा. घाईचा माणूस होता. आत्याचा लंगडा पाय ही त्याच्याच घाईची पावती होती. पण त्या पायाबद्दल घरात कोणी हळहळत बसलं नाही, आत्या तर मुळीच नाही. फक्त एवढं ठरून गेलं की या दोरावर आता मोजून हाक द्यायची नाही.

पोरीचा कान चांगला निघाला. तिला संगीतशाळेत घातलं. तिथल्या सरांनी पियानोवर तालयंत्र ठेवलं आणि म्हणाले, वाजव. ती वाजवायची, पण ओळ संपली की थांबायची. यंत्र टकटक करत पुढे जायचं आणि ही मागे, हात वर धरून बसलेली.

"तुझ्या हाताला काय उचकी लागलीय का गं?" सर ओरडले.

"कोणीतरी आठवण काढत असेल, सर," ती म्हणाली.

वर्ग हसला. तिला वर्गाबाहेर उभं केलं. ती ताठ मानेने उभी राहिली, पण त्या दिवशी एक गोष्ट शिकली. इथे राहायचं तर उचकी गिळावी लागणार होती. आणि तिला इथे राहायचं होतं. संगीतासाठी ती वेडी होती, दुसरं काही येतही नव्हतं. मग तिने गिळली. पुढची कित्येक वर्षं ती असं काही सरळ रचत राहिली, असं काही नेमकं काडी हलवत राहिली, की जाणकार म्हणायचे, बाईंचं काम फार शिस्तबद्ध. त्या शब्दावर तिचं पोट भरायचं आणि जीभ कडू व्हायची. बँड झाला, छोटा वाद्यवृंद झाला, मग शहराच्या मोठ्या सभागृहाचा वाद्यवृंद हातात आला. बाई काडी धरते म्हटल्यावर सुरुवातीला नाकं मुरडली गेली. ती मुरडलेली नाकं तिने एकेक करून सरळ केली, हेही इथे सांगून टाकतो.

दरम्यान नदीकाठी मोटरवरचा रहाट आला. एक माणूस बटण दाबायचा आणि नाव वर यायची. माणसं पांगली, गाणं पांगलं. बापाला त्याचं वाईट वाटलं असेल, पण तो म्हणाला नाही. "पाठी वाचल्या लोकांच्या," एवढंच म्हणाला, आणि ते खरंही होतं.

एकदाच तो तिचा कार्यक्रम ऐकायला आला. धुतलेला सदरा घालून, खुर्चीच्या अगदी कडेला बसून त्याने सगळं ऐकलं. नंतर ती धावत त्याच्याकडे गेली.

"कसं झालं, बाबा?"

"छान झालं." त्याने थोडा विचार केला. "पण यात दम कुठे घ्यायचा गं?"

त्यानंतर तो फार दिवस राहिला नाही. त्याचा तो प्रश्न मात्र राहिला, आणि खरं सांगायचं तर तिच्या मानगुटीवरच बसला. तिला आधी लाज वाटली, मग राग आला. सरांचा, तालयंत्राचा, त्या शिस्तबद्ध शब्दाचा, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. त्या रागातून तिने मोठी रचना लिहायला घेतली. नाव दिलं "नावओढ". प्रत्येक ओढीनंतर तिने एक मोकळी जागा सोडली आणि वर कोणताही आकडा न घालता लिहिलं : दम.

पहिल्या तालमीत जी धमाल उडाली ती वाद्यवृंदातली माणसं अजून सांगतात. तुतारीवाल्यांनी "दम" वाचलं आणि त्यांना वाटलं, इथे दम द्यायचाय. त्यांनी अशी काही धमकावणी फुंकली की पुढच्या रांगेतल्या व्हायोलिनवालीच्या हातातला गज खाली पडला. ढोलवाल्याला वाटलं, दम खायला सांगितलाय, म्हणून तो टिपऱ्या ठेवून पाण्याची बाटली शोधायला वाकला. आणि चेलोवाल्यांनी "एका दमात" असं समजून मधे न थांबता पुढची दोन पानं वाजवून टाकली.

"बाई," तुतारीवाल्याने विचारलं, "हा नेमका कुठला दम?"

"माझ्या बापाचा," ती म्हणाली. मग तिने त्यांना दोर सांगितला, पाचर सांगितली, शेपूट सांगितलं.

"ते कळलं. पण मोजायचं किती?"

"मोजायचं नाही. बघायचं. आपल्यात जो सगळ्यात मागे असेल त्याचा श्वास झाला, की पुढे."

सगळ्यांच्या माना आपोआप एका खुर्चीकडे वळल्या. त्या खुर्चीत फुंकरकाका बसायचे. क्लॅरिनेट वाजवायचे ते, आणि त्यांना दमा होता. प्रत्येक ओळीआधी ते तोंडातल्या तोंडात फुंकर मारायचे, म्हणून फुंकरकाका. बाई कोवळ्या वयात पहिल्यांदा बँडमध्ये आली तेव्हा बाकावर सरकून तिला जागा देणारे हेच एकटे होते. सूर अजूनही असा यायचा की ऐकणाऱ्याने हातातलं काम ठेवावं. फक्त यायला वेळ लागायचा. काका खुर्चीत अंग चोरून बसले.

एवढ्यात सभागृहाचं नूतनीकरण संपलं. नव्या खुर्च्या, नवा रंग, पायाखाली नवा गालिचा. उद्घाटनाला "नावओढ" वाजणार आणि रेडिओवरून थेट ऐकवली जाणार, असं ठरलं. व्यवस्थापकाने बाईला आपल्या खोलीत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त प्रत्येक गोष्ट वेळेत संपायला हवी असायची.

"बाई, रचना उत्तमच आहे. फक्त त्या मधल्या जागा दोन-दोन मात्रांच्या करून टाका. रेडिओवर शांतता म्हणजे बिघाड असतो."

"मग बिघाड म्हणून ऐकवा."

"थट्टा नको. तो दम काढून टाका."

"साहेब, माणसातला दम काढून टाकला की मागे जे उरतं त्याला काय म्हणतात, ठाऊक आहे ना?"

व्यवस्थापकाने चष्मा काढला. "तुम्ही मला दम देताय?"

"नाही. तुम्ही माझा काढून घेताय."

त्याने चष्मा पुसून परत चढवला. मग त्याने खरं काय ते सांगितलं. दुखणं मात्रांचं नव्हतं, त्या म्हाताऱ्या क्लॅरिनेटचं होतं. सगळा वाद्यवृंद एका माणसासाठी खोळंबतो, हे लोकांना दिसता कामा नये. "उद्घाटनापुरते त्यांना बसू द्या, माझी हरकत नाही. पण त्यांच्यासाठी थांबायचं नाही. थेट प्रसारणात थांबलात, तर तो तुमचा इथला शेवटचा दिवस."

"मी थांबणार आहे," बाई म्हणाली. "आत्ताच तोंडावर सांगते. नंतर फसवलं म्हणू नका."

तो हसला. त्याच्या हिशेबाने शहाणं माणूस असं बोलतं, करत नाही.

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो एका बासरीला तेल लावत होता.

"माझ्याशी काडीमोड घेतलास तरी चालेल," तो म्हणाला, "पण वाद्यवृंदाशी घेऊ नकोस. दिवसभर घरात बसून मलाच ताल शिकवशील."

ती हसली आणि मग तिला रडू आलं. भीती वाटत होती तिला, भरपूर वाटत होती. या खुर्चीसाठी तिने काय काय गिळलं होतं! आता या वयात कोण देणार होतं दुसरी? नवऱ्याने बासरी खाली ठेवली आणि तिच्या जवळ येऊन बसला.

दुसऱ्या दिवशी काका तिला जिन्यात गाठून म्हणाले, "अगं, मला कळलंय सगळं. मी आजारी पडतो ना उद्घाटनाला. शेजारची मुलगी माझ्या ओळी वाजवेल, छान वाजवते ती. माझ्यासाठी नको थांबूस."

"तुमच्यासाठी कोण थांबतंय?" बाई कडाडली. जिन्यातल्या लोकांनी माना वर केल्या. "कीव आली म्हणून नव्हते थांबत माझे बाबा. दोर सुटू नये म्हणून थांबायचे. तुम्ही गेलात तर उद्या शेपटाला दुसरं कोणी असेल, परवा तिसरं. त्यांनाही असंच आजारी पाडायचं का? गपगुमान येऊन खुर्चीत बसायचं. आणि धुतलेला सदरा घालून यायचं."

"येतो बाई," काका म्हणाले. लहानपणी आईचं ऐकलं नसेल इतक्या मुकाट्याने म्हणाले.

उद्घाटनाची संध्याकाळ आली. सभागृह भरलं. नव्या गालिच्याला डिंकाचा असा उग्र वास येत होता की धडधाकट माणसाचं डोकं चढावं. काकांच्या छातीची तर सुरुवातीपासून शिट्टी वाजत होती. काचेमागच्या खोलीत प्रसारणाचा लाल दिवा लागला. दिव्याखाली व्यवस्थापक उभा होता.

बाईने काडी उचलली.

पहिली ओढ आली, पहिला दम आला. ती थांबली. काकांनी श्वास घेतला, ती पुढे निघाली. व्यवस्थापकाने काचेतून घड्याळ दाखवलं. दुसऱ्या, तिसऱ्या वेळीही तेच. अजून तरी चालण्यासारखं होतं, अजून तरी त्या जागा मुद्दाम ठेवल्यासारख्या वाटत होत्या. नाव वर चढत होती. तुतारीवाले आता दम देत नव्हते, ओढत होते. चेलोवाले तर खुर्चीतून पुढे झुकले होते.

मग शेवटचा दम आला. याच्यापुढे काकांची एकट्याची ओळ होती, नाव घरी आल्याची.

काकांनी क्लॅरिनेट ओठांशी नेलं आणि श्वास आत गेलाच नाही. छाती वर आली आणि वरच राहिली. त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. बाईकडे बघून मान हलवली : तू पुढे जा. शेजारच्या मुलीने ते पाहिलं आणि आपलं वाद्य उचललं. पोरगी गुणी होती, तिला ओळ पाठ होती. एक खूण केली असती, की सगळं निभावलं असतं. नोकरीसुद्धा.

बाईने डावा हात मुलीकडे करून हळूच खाली नेला. नाही.

उजव्या हातातली काडी तशीच वर होती.

सभागृहात पहिल्यांदा एक जण खोकला. कोणाला वाटलं संपलं, त्याने टाळ्या वाजवल्या आणि एकटाच पडल्यावर ओशाळून थांबला. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. व्यवस्थापक काचेमागून निघून रंगमंचाच्या कडेला आला आणि हात गोल गोल फिरवू लागला, पुढे, पुढे. बाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवून पुन्हा शेपटाकडे पाहिलं. तिचा खांदा भरून आला होता, एकटक बघून डोळे चुरचुरत होते, आणि तिच्या मनात आलं, बाबांचे डोळे असे दुखत असतील का? करा हवं ते, ती मनात म्हणाली. मी मोजणार नाही.

हसणारा हसायचा थांबला. खोकणारे थांबले. आता सभागृहात एकच आवाज होता, काकांच्या छातीचा. सगळे तोच ऐकत होते, आणि कधी ते कोणाला कळलंही नाही, पण सगळे त्याच्याबरोबर ओढत होते. एक शिट्टी, दुसरी शिट्टी. मग काकांचे खांदे खाली आले. तोंड मिटलं.

बाईने काडीने खूण केली. काकांनी ती ओळ वाजवली. कशी वाजवली ते सांगण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

टाळ्या चालू असतानाच व्यवस्थापकाने तिला पडद्यामागे गाठलं. रागाने त्याचे कान लाल झाले होते. "निवेदकाला आत्ता तांत्रिक बिघाड म्हणून माफी मागावी लागली! लोकांनी रेडिओ बंद केले असतील. काय मिळवलंत तुम्ही?"

"तुम्हाला आधीच सांगितलं होतं."

"उद्यापासून येऊ नका. या सभागृहाला तुमची काडीची गरज नाही."

"काडी माझी आहे," ती म्हणाली, आणि पुसून पिशवीत ठेवली.

काकांनी राजीनामा देतो म्हटलं, तिने त्यांना देऊ दिला नाही. तुतारीवाल्याने तिची पिशवी फाटकापर्यंत नेली. बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी तालमीला जायचं ठरवलं. त्यांनाही पोटं होती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं तिलाही वाटलं नाही.

सकाळी ती आत्याकडे गेली. आत्या आता अंथरुणाला खिळली होती. शेजारीण तिचं सगळं करायची. भाची मोठ्या सभागृहात काडी धरते, हे आत्या येणाऱ्या-जाणाऱ्याला, अगदी दूधवाल्यालासुद्धा ऐकवायची. तिला आता काय सांगायचं, ते बाईला वाटभर सुचलं नव्हतं.

शेजारणीनेच दार उघडलं. "अहो, काल तुमचं इतकं छान चाललं होतं, आणि ऐन वेळी मेला रेडिओच बंद पडला. एकदम गप्प! मी उठले, म्हटलं दोन थपडा द्याव्यात. तर आत्याबाईंनी माझ्याच हातावर फटका मारला. अजून झिणझिणतोय."

"हिला काय कळतंय," आत्या आतून ओरडली. "म्हणे बंद पडला!"

बाई तिच्या उशाशी जाऊन बसली. "आत्या, माझी नोकरी गेली. मी थांबले म्हणून."

आत्याने ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिने भाचीचा हात धरला. आत्याच्या हाताला अजूनही दोराचे घट्टे होते.

"तू नाही गं," ती म्हणाली. "दादा थांबला होता. माझ्याकडे बघत होता."

बाईने ते घट्टे अंगठ्याने चाचपले. तिने विचारलं, "मग तू काय केलंस?"

"काय करणार?" आत्या म्हणाली. "दम घेतला, आणि ओढलं की जोर लावून."